ऊन आहे तोवर

माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पदार्थाला थांबता येत असे. शेवभाजीचा रस्सा सकाळी करून ठेवायचा आणि शेव डब्यातच राहू द्यायची. दाराची घंटा वाजली की ती रश्शात सोडायची. भरीत तर थांबल्याने अधिकच मुरते. वरणाला दुसऱ्यांदा फोडणी देता येते, भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या की दोन तास मऊ राहतात, आणि कढी पुन्हा चढवताना फक्त हात न थांबवता ढवळत राहावे लागते. या घरात सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू म्हणजे स्टीलची एक ताटली आहे. तिच्यात कधी कोणी जेवले नाही. ती झाकायची ताटली. तिच्या आतल्या बाजूला वाफ जमते, वाफेचे थेंब होतात, थेंब गार होतात आणि टपटप अन्नावर परत पडतात. अठ्ठावीस वर्षे, जवळपास प्रत्येक रविवारी, मी ते थेंब पाहिले आहेत.

ज्याच्यासाठी अन्न थांबे तो माणूस बसमध्ये असे.

माझे यजमान धुळ्याच्या एका शाळेत गणित शिकवत. मी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दोन्ही संस्था खाजगी, अनुदानित. एकीतून दुसरीत बदली होण्याची सोय नाही. लग्न ठरले तेव्हा दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी मान डोलावून सांगितले होते की दोघांपैकी एकाला कुठेतरी जागा मिळेलच. मिळाली नाही. मूलही झाले नाही. झाले असते तर कदाचित कोणीतरी एकाने नोकरी सोडली असती. मग धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव हा रस्ताच आमच्या संसाराचा मधला खण झाला. शाळेला शनिवारी अर्धा दिवस असे, पण शनिवार दुपार-संध्याकाळ त्यांच्या आईची. रविवारी सकाळी बस, दुपारी जळगाव, सोमवारी पहाटेची बस परत. सुट्ट्यांमध्ये मी तिकडे जाई. बाकीचे सहा दिवस मी माझ्या पोळीचा घास ओट्यापाशी उभ्यानेच खाई, कारण एकच माणूस टेबलाशी बसला की समोरची खुर्ची फार मोठी दिसते.

त्यांच्या आईला सगळे अक्का म्हणत. मी साताऱ्याकडची, तिथे दोन्ही वेळा नळाला पाणी येते आणि माणसे सरळ मराठी बोलतात अशी माझी समजूत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. धुळ्यात तेव्हाही नळ रोज येत नसे; ज्या दिवशी येई त्या दिवशी गल्लीतले सारे काम बाजूला पडे. अक्का गच्चीवर गहू वाळत घालीत होत्या. मी खाली, चुलीवर आंघोळीच्या पाण्याचे पातेले ठेवून बसले होते. वरून अक्कांनी विचारले,

"पाणी उनं का वं?"

आमच्याकडे गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात. मी पातेल्यात बोट बुडवून पाहिले आणि मोठ्या आदबीने ओरडून सांगितले,

"नाही अजून. कोमट आहे."

थोड्या वेळाने पुन्हा प्रश्न आला. मी पुन्हा बोट बुडवले. "होतंय, होतंय. अजून दहा मिनिटं."

अंगणाच्या कोपऱ्यातला नळ तेवढ्या वेळात येऊन, वाहून, गेलाही. अहिराणीत उनं म्हणजे आलं, हे मला त्या दिवशी कळले, रिकाम्या हंड्यांच्या रांगेपुढे उभे राहून. अक्का एकेक हंडा उचलून आत ठेवू लागल्या. पण समोरच्या घरातली म्हातारी पोट धरून हसली आणि म्हणाली, "अक्का, तुन्ही सून तं नळनं पाणी बोटवरी मोजस!" आठ दिवस आम्ही शेजारच्यांच्या हंड्यांवर काढले.

मी जळगावला परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी यजमानांनी दारातूनच विचारले, "पाणी उनं का?" आणि मी म्हणाले, "कोमट आहे." तेव्हापासून तो आमचा परवलीचा शब्द झाला. घंटा वाजवायची, दार उघडायच्या आधी विचारायचे, आतून मी उत्तर द्यायचे, मग दार उघडायचे. भांडण असो, परीक्षांचे दिवस असोत, अक्का गेल्या त्याच्या पुढचा रविवार असो, प्रश्न आणि उत्तर चुकले नाही. आलेले आणि तापलेले ही दोन्ही एकाच शब्दात मावतात याचा मला त्या वेळी केवढा आनंद वाटे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास ते निवृत्त झाले. मला अजून दोन वर्षे आहेत. त्यामुळे आता कोणी कुठे यायचे हा प्रश्नच उरला नव्हता, असे मी धरून चालले होते. त्यांनीही तसेच म्हटले होते. घर आवरतो, पुस्तके बांधतो, छतावरची टाकी कोणाला तरी देऊन टाकतो आणि येतो. मग म्हणाले, जरा थंडी ओसरू दे. दर रविवारी ते येत, आणि दर रविवारी मी दार उघडताना त्यांच्या चेहऱ्याच्या आधी त्यांच्या हाताकडे पाही. हातात तीच कापडी, तपकिरी, एका रात्रीच्या कपड्यांची बॅग असे. ती बॅग मी इतकी वर्षे ओळखते की तिच्या बंदावरची शिवण कोणत्या साली उसवली होती तेही मला सांगता येईल.

जानेवारीतल्या एका गुरुवारी फोनवर ते म्हणाले, "या रविवारी मोठी बॅग घेऊन येतो."

"कोणती मोठी?"

"अगं, ती निळी. चाकांची."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला वाटले, आता या घरात निराळ्या प्रकारचा स्वयंपाक करता येईल. जो माणूस बसमध्ये आहे त्याच्यासाठी करायचा नाही. जो माणूस शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला आहे, ज्याला हाक मारली की तो येऊन बसतो, त्याच्यासाठी करायचा. थांबू न शकणारा स्वयंपाक.

असा एकच पदार्थ मला ठाऊक होता. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा आम्ही हिमाचलात गेलो होतो. एका लहानशा हॉटेलात, बाहेर गारांचा पाऊस चालू असताना, आमच्यापुढे दोन बशा आल्या. हिरव्या पानांवर बकरीच्या दुधाच्या चीजच्या जाड चकत्या, दोन्ही अंगांनी तांबूस भाजलेल्या, मधोमध मऊ. त्यांवर भाजलेले अक्रोड आणि आंबटगोड काहीतरी ओतलेले. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या बशीकडे पाहत बसले. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? ऊन आहे तोवर खा." आम्ही एकाच वेळी खाल्ले. ही गोष्ट इतरांना सांगण्यासारखी नाही, पण माझ्या लक्षात राहिली आहे: दोघांच्याही बशा एकाच वेळी रिकाम्या झाल्या.

बकरीच्या दुधाचे चीज जळगावात कुठून मिळणार? पण बकऱ्या मिळतात. आमच्या कॉलनीच्या मागे जिथे घरे संपून मोकळे भूखंड सुरू होतात, तिथे बाभळीखाली एक बाई आठ-दहा बकऱ्या बांधून असते. अमळनेरकडची आहे. शनिवारी सकाळी मी किटली घेऊन गेले. दोन लिटर हवे म्हटल्यावर तिने माझ्याकडे काळजीने पाहिले.

"घरमा कोनले ताप उना का, मॅडम? भाऊ बरा शेतस ना?"

"बरे आहेत. ताप कोणालाच नाही. चीज करायचंय."

"काय करनं शे?"

"पनीरासारखं असतं. दूध फाडायचं, बांधून ठेवायचं. खायला."

तिने हातातली दोरी खाली ठेवली. "माले वाटनं डेंगू व्हयना. डेंगू व्हयना तवयच लोके येतस मनाकडे. खावाले कोनी येत नहीं." मग बकरीच्या पाठीवर थाप मारून तिलाच म्हणाली, "दख वं, तुन्हा दूधना मान वाढना!"

ताप उना. मी किटली धरून परत येताना तो शब्द तोंडात घोळवीत होते. इथे तापही येतो, पाणीही येते, बसही येते, सगळ्यांना एकच क्रियापद पुरते.

अक्रोडासाठी मी बाजारात गेले. सुक्या मेव्याचे ते दुकान तीन पिढ्यांचे आहे. आता गल्ल्यावर बसतात ते पांढऱ्या दाढीचे चाचा, आणि त्यांचा मराठीचा लहेजा माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा गोड आहे. त्यांनी दोन अक्रोड एकमेकांवर दाबून फोडले आणि गर माझ्या तळहातावर ठेवला.

"मेहमान येणारेत का, मॅडम?"

"नाही. घरचेच आहेत."

"मग शेंगदाणे घाला की! घरच्यांना अक्रोड कोण घालतंय?"

मी हसले. तेही हसले, आणि म्हणाले, "नाही हो, घ्या, घ्या. पण टरफलासकट घ्या. सोललेला ठेवून ठेवून खवट होतो." मी टरफलासकट घेतले. रस्ताभर पिशवीत ते एकमेकांवर आपटत होते, आणि घरचेच हा माझाच शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, कोणीतरी दुसऱ्याने उच्चारल्यासारखा.

दुपारी दूध तापत ठेवले. बकरीच्या दुधाला पाल्याचा आणि किंचित भिजलेल्या लोकरीचा वास असतो. तापू लागले की तो वास घरभर फिरतो आणि पडद्यांना धरून बसतो. उकळी फुटताच आच बंद केली, लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडला. काही क्षण काहीच होत नाही. मग दुधाला जणू काहीतरी आठवते आणि ते दोन भागांत विलग होते, पांढरे कण आणि हिरवट पाणी. माझ्या एका जुन्या मलमलीच्या ओढणीत मी ते गाळले, मीठ मिसळले, गाठ मारून नळाला टांगले. पाणी ठिबकत राहिले. संध्याकाळी गाठोडे परातीत ठेवून त्यावर अक्कांचा वरवंटा ठेवला. तो वरवंटा त्या गेल्यानंतर यजमानांनीच धुळ्याहून आणला होता, त्याच तपकिरी बॅगेत, दोन सदऱ्यांमध्ये गुंडाळून. त्या घरातून या घरात कायमची आलेली ती एकच वस्तू.

रविवारी सकाळी मी गाठ सोडली. कापडाच्या विणीचे ठसे उमटलेली एक पांढरी, घट्ट, थंड वडी हातात आली. पाने निवडली. पालकाची कोवळी पाने, थोडी मेथी, आणि हरभऱ्याचा पाला, जो या दिवसांत टोपलीभर मिळतो आणि ज्याला स्वतःचीच एक आंबट चव असते. अक्का हाच पाला कच्चा चिरून, वर शेंगदाण्याचे कूट आणि तेल घालून त्याचा घोळाणा करीत. मी घोळाणाच करते आहे, माझ्या मनात आले. फक्त त्याला ऊब देते आहे. अक्रोड फोडले, तव्यावर मंद भाजले. साल सुटू लागली, कडवट तुपकट वास आला. मध, लिंबू, मिरी आणि शेंगदाण्याचे तेल एका पळीत एकत्र करून ठेवले. दोन बशा मांडल्या. ताटली मी मुद्दामच वरच्या फळीवर ठेवली, हात सहज पोचणार नाही अशी.

बारा वाजता एरंडोलहून फोन आला. "पाऊण वाजता दारात. भूक लागलीय."

बॅगेचे मी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

पाऊण वाजायला पाच मिनिटे असताना लिफ्टचा आवाज आला. मी तवा तापवला, तेलाचा हात फिरवला, चकत्या सोडल्या. चर्र आवाज झाला, कडा तांबूस होऊ लागल्या. घंटा वाजली. मी श्वास धरून प्रश्नाची वाट पाहिली. प्रश्न आला नाही. दार उघडले तर समोरच्या फ्लॅटमधल्या बाई, हातात माझी वाटी.

"द्यायची राहूनच जात होती. भाऊ नाही आले का अजून?" मग नाक वर करून, "काय करताय? वास काही निराळाच येतोय."

"सॅलड."

"सॅलडला वास?" त्या डोकावल्या. "बाई गं! काकडी भाजताय की काय?"

"काकडी नाही हो, चीज आहे."

"मला वाटलं, तुम्ही दोघं आता एकत्र राहणार म्हणून काहीतरी नवीन सुरू केलंत." असे म्हणून त्या हसत आपल्या दारात गेल्या. त्यांना मी कधी सांगितले होते ते मला आठवेना. आनंद माझ्या नकळत जिन्यापर्यंत गेला होता.

मी चकत्या उलटल्या. पळीतले मिश्रण कोमट करून पानांवर ओतले. पाने जराशी मान टाकतात, पूर्ण नाही. वर चकत्या, वर अक्रोड. दोन बशा. आणि तेव्हा फोन वाजला.

"अगं, पाळधीच्या अलीकडे अडकलोय. रस्त्याचं काम आहे, एकच बाजू सोडतायत. अर्धा-पाऊण तास तरी लागेल. झाकून ठेव."

झाकून ठेव. किती साधे शब्द. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ते किती वेळा म्हटले असतील, आणि मी किती वेळा "हो" म्हटले असेल. या वेळीही मी हो म्हणाले. फोन ठेवला, स्टूल ओढले, वरच्या फळीवरून ताटली काढली.

ती हातात घेऊन मी बशांपाशी आले. चकत्यांमधून वाफ निघत होती, अगदी सरळ, बारीक. मला पुढचे सगळे माहीत होते. ताटलीखाली वाफ जमेल, थेंब परत पडतील, पाने काळवंडतील, चीज आधी घट्ट होईल आणि मग दातांना रबरासारखे लागेल. पुन्हा तापवले तर आणखी घट्ट. मी एक बशी झाकली. दुसरी बशी उचलली आणि टेबलापाशी नेली. समोरची खुर्ची होती तशीच मोठी होती. मी बसले.

पहिल्या घासाला जीभ भाजली. बाहेरचा तांबूस पापुद्रा मोडला आणि आतला मऊपणा उतू आला, खारट, दुधाळ, मागून बकरीचा तो रानटी वास. मग हरभऱ्याच्या पाल्याची आंबट चुणचुण, मध, आणि शेवटी अक्रोडाचा कडवटपणा, जो घास गिळल्यावरही टाळूला धरून राहतो. मी घाईने खाल्ले नाही. खिडकीतून जानेवारीचे ऊन टेबलावर आले होते आणि माझ्या मनगटावर पडले होते. मला रडू येईल असे वाटले होते, पण आले ते फक्त डोळ्यांत पाणी, मिरीमुळे. घरात माझ्या चमच्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. इतके ताजे, इतके गरम जेवण मी या घरात कधी खाल्ले होते ते आठवू लागले, आणि आठवता आठवता बशी संपली.

ते पावणेदोनला आले. घंटा वाजली. दाराबाहेरून आवाज आला,

"पाणी उनं का?"

मी उठले, चालत दारापर्यंत गेले, कडी काढली. उत्तर दिले नाही. दार उघडले आणि सवयीने खाली पाहिले. तपकिरी बॅग.

त्यांनी माझी नजर पाहिली. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, जणू त्याने ती लहानमोठी होणार होती.

"निळ्या बॅगेचं चाक..." ते म्हणाले.

"आधी जेवून घ्या."

"चल, बसू."

"मी जेवले."

ते बूट काढताना थांबले. "थांबली नाहीस?"

"नाही."

झाकलेल्या बशीवरची ताटली मी उचलली. जे झाले होते ते मला ठाऊक होते तसेच होते. ती बशी मी बाजूला ठेवली. वडीतून चार नव्या चकत्या कापल्या, तवा पुन्हा तापवला. ते टेबलापाशी बसून होते, पाठमोरे, आणि त्यांच्या मानेवरचे केस किती पांढरे झाले आहेत हे मला तव्याच्या धुरातून दिसले. बशी पुढे ठेवल्यावर त्यांनी एक घास घेतला, आणि दुसरा, आणि मग चमचा थांबला.

"हिमाचलातलं," ते म्हणाले.

"हो."

ते बराच वेळ खात राहिले. मग बशीकडे पाहतच बोलले.

"चाक ठीक आहे. मी बॅग भरली होती काल. मग सकाळी रिकामी केली."

मी तवा उतरवून पुसायला घेतला.

"इथं मी पाहुणा असतो गं. तू करतेस, मी जेवतो. छान करतेस. टॉवेल काढून ठेवतेस. पण मला या घरात साखरेचा डबा कुठला ते माहीत नाही. तिकडे नळ किती वाजता येतो ते मला झोपेतही कळतं. आईच्या मागं तीन वर्षं माझं मी करतोय. वरण बरं होतं माझं. तुला माहितीये?"

मला माहीत नव्हते. त्यांच्या हातचे वरण मी कधी खाल्ले नव्हते. मी सुट्टीत तिकडे गेले की ओटा माझ्याकडे येई.

"विचारायचं होतंत. डबा कुठला म्हणून."

"अठ्ठावीस वर्षांनी?" ते हसले, पण ते हसणे चेहऱ्यावर टिकले नाही. "रविवारी येईन. नेहमीसारखा. आणि तुझी दोन वर्षं झाली की तू तिकडे ये."

"तिकडे साखरेचा डबा कुठला ते मलाही माहीत नाही," मी म्हणाले.

चाचांनी मला विचारले होते, मेहमान की घरचे, आणि मी बेधडक उत्तर दिले होते. अक्रोड मात्र घेतले होते. शेंगदाणे घरात डबाभर असताना.

त्यांची बशी संपली. त्यांनी आणखी आहे का विचारले. मी तवा पुसत होते. मी म्हणाले, "वडी शिल्लक आहे. तुम्हीच कापा. सुरी ड्रॉवरमध्ये आहे."

ते उठले. दुसरा ड्रॉवर उघडला.

"तिसरा."

तिसरा उघडला, सुरी घेतली. चकत्या जाड-बारीक कापल्या. एक तव्यावर मोडली. मी शेजारी उभी राहिले आणि हात पुढे केला नाही. साखरेचा डबा कुठे आहे तेही दाखवले, वरच्या कपाटात, चहाच्या मागे. त्यांनी मान हलवली, एखाद्या अनोळखी गावात पत्ता समजावून घेतल्यासारखी.

सोमवारी पहाटेच्या बसने ते गेले. जाताना उरलेल्या वडीचा अर्धा भाग मी डब्यात दिला. तपकिरी बॅगेत तो वरवंट्यासारखाच दोन सदऱ्यांमध्ये बसला.

बुधवारी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळाने, मी उरलेला तुकडा काढला. पाने थोडीच होती. अक्रोड होते. तवा ठेवला, एकच बशी मांडली. ताटली भांड्यांच्या तळाशी गेली होती आणि मी ती शोधली नाही. चकत्या उलटत असताना फोन आला.

"तवा गरम आहे," ते म्हणाले. "किती वेळ ठेवायच्या?"

"कडा तांबूस होईपर्यंत. अक्रोड?"

"कुठले अक्रोड! शेंगदाणे घातलेत."

मी फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला, बशीच्या शेजारी. त्यांच्याकडे आधी चर्र झाले, मग बशी ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आला. मी माझी खुर्ची ओढली. मधे पारोळा, एरंडोल, पाळधी, रस्त्याचे चाललेले काम. बोलण्यासारखे बरेच होते, विचारण्यासारखे त्याहून अधिक. पण बोललो असतो तर गार झाले असते.

इतकी वर्षे तो प्रश्न त्यांनीच विचारला होता, आणि मी दाराच्या आतल्या बाजूला होते. चमचा उचलून मी विचारले,

"पाणी उनं का?"



"कोमट आहे," ते म्हणाले. मग त्यांच्या चमच्याचा आवाज आला, आणि मी पहिला घास घेतला.